ओझेला रिव्हर्स बसत नाहीत

ज्याअर्थी भगिनी ओझेला लुईस रिव्हर्स, वय वर्षे चोपन्न, राहणार सिंगल्टन बेट, दक्षिण कॅरोलायना, या लिटल जॉर्डन बॅप्टिस्ट चर्चच्या सेवेकरी मंडळाच्या प्रमुख आहेत. आणि ज्याअर्थी सदर भगिनींनी मधल्या वाटेच्या तोंडाशी असलेली आपली जागा आजवर एकाही रविवारी सोडलेली नाही. आणि ज्याअर्थी सेवेवर असताना त्या कधीही बसलेल्या नाहीत, कधीही बोललेल्या नाहीत, व हसल्याचे कोणाच्या पाहण्यात नाही. त्याअर्थी ही मंडळी असा ठराव करीत आहे की, सदर भगिनी या मंडळीचा अढळ स्तंभ असून या ठरावाची प्रत त्यांना चौकटीत घालून सन्मानपूर्वक देण्यात यावी.

ठराव लिहिताना हात आखडता घ्यायचा नाही, ही आमच्या बेटावरची रीत. मयताच्या वेळचे ठराव याहूनही लांब असतात, पण ज्याच्यासाठी लिहिलेले असतात त्याला ते ऐकावे लागत नाहीत. हा ठराव मात्र जिवंत माणसासाठी, सेवेकरी मंडळाच्या वार्षिक दिनाला, जून महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी वाचायचा होता. तो त्या दिवशी का वाचला गेला नाही, याची ही हकिगत.

सेवेकरी म्हणजे चर्चच्या दारावरची आणि वाटांवरची माणसं. आलेल्यांना बाकावर नेऊन बसवायचं, दानाची ताटं फिरवायची, पुठ्ठ्याचे पंखे वाटायचे (पंख्याच्या एका बाजूला येशू आणि दुसऱ्या बाजूला अंत्यविधी करून देणाऱ्या दुकानाचा फोन नंबर, म्हणजे दोन्ही सोयी एकाच दांडीला), आणि प्रवचन रंगात आल्यावर कोणावर पवित्र आत्मा उतरला, कोणी उड्या मारायला लागलं, कोणी आडवं झालं, तर त्याचा चष्मा काढून घ्यायचा आणि त्याचं डोकं बाकावर आपटू द्यायचं नाही. हे सगळं तोंडातून शब्द न काढता. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे, आणि बाकीचं सगळं उजव्या हाताच्या खुणांनी. बोट वर केलं की एकाला जागा आहे. तळवा आडवा केला की प्रार्थना चाललीय, दारातच थांबा. मूठ छातीवर ठेवली की माझ्या जागी दुसरा माणूस पाठवा.

ही शेवटची खूण ओझेलाबाईंनी उभ्या आयुष्यात केली नव्हती. नवख्यांना शिकवतानासुद्धा त्या ती दुसऱ्याला करायला लावत.

त्यांचा आणखी एक लौकिक होता. आडवं झालेलं माणूस खरंच आत्म्याने भारावलंय की शेजारणीला दाखवायला पडलंय, हे त्या लांबून ओळखत. कसोटी सोपी होती. "खरा आत्मा आला की बाई टोपी सांभाळत नाही," असं त्या म्हणत. "आधी टोपी काढून बाकावर ठेवली आणि मग पडली, तर तिला पंखा घालू नका. तिला गारवा नकोय, प्रेक्षक हवेत."

आणि एक नियम होता, त्यांनी स्वतः मंडळाच्या बैठकीत मंजूर करून घेतलेला: सेवेवर असताना जो बसला, तो मानद झाला. मानद होणं म्हणजे भिंतीकडच्या बाकावर बसायचं, वर्षातून एकदा टाळ्या घ्यायच्या आणि पुन्हा हातमोजे घालायचे नाहीत. हा नियम झाला तेव्हा मंडळात वाश्टी लग्री नावाच्या बाई होत्या. त्यांच्या पायांच्या अंगठ्यांची हाडं वाढलेली होती आणि दुसऱ्या गाण्यानंतर त्या बाकाच्या कडेला जरा टेकत. नियम मंजूर झाला आणि पुढच्याच रविवारी वाश्टीबाई मानद झाल्या. हा योगायोग होता असं मानणारं बेटावर कोणी नव्हतं.

वाश्टीबाईंनी मानद बाकावर एक महिना काढला आणि मग चर्चच्या परिचारिका संघात नाव घातलं. परिचारिका संघातल्या बायकांना पांढरा झगा, पांढरे मोजे आणि पांढरी टोपी मिळते. नर्सिंग येण्याची अट नसते. वाश्टीबाईंची सगळी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात गेली होती आणि त्यांच्या औषधाच्या पेटीत पुदिन्याच्या गोळ्या, हुंगायचं मीठ आणि आडव्या पडलेल्या बायकांचे गुडघे झाकायला एक जांभळी चादर असे. वर्षभरात त्या संघाच्या अध्यक्ष झाल्या. तेव्हापासून मधल्या वाटेच्या एका टोकाला ओझेलाबाई उभ्या आणि दुसऱ्या टोकाला वाश्टीबाई उभ्या, अशी देवाची सेवा चालू होती. दोघी एकमेकींशी बोलत नसत. ओझेलाबाईंना तर त्यासाठी नियमाचा आधारच होता.

आजार बोटांपासून सुरू झाला. चर्चमध्ये नवीन एसी बसला त्या वर्षी ओझेलाबाईंची बोटं गारठून आधी पांढरी पडू लागली, मग निळी. हातमोज्यांमुळे ते कोणाला दिसलं नाही. मग केस झडायला लागले. प्रमुखांच्या पांढऱ्या टोपीमुळे तेही दिसलं नाही. सकाळी सांधे असे आखडत की न्याहारीचा चमचा धरायला दोन हात लागत. पण आमच्याकडे पन्नाशीनंतर सांधे न दुखणाऱ्या माणसाकडेच संशयाने बघतात. शेवटी नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर, एक डाग पसरला. तो मात्र दिसला.

"रंग जरा जास्तच लावलाय सिस्टर रिव्हर्सनी," वाश्टीबाई संघातल्या बायकांना म्हणाल्या. "ह्या वयात कोणासाठी, ते देवच जाणे."

बेटावरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा वयाचा दोष सांगितला, दुसऱ्यांदा वजनाचा, आणि तिसऱ्यांदा मनाचा. चौथा दोष काढायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं म्हणून त्यांनी ओझेलाबाईंना चार्ल्स्टनला पाठवलं. त्याआधी शेजारच्या एका म्हाताऱ्याने करणीचं निदान केलं होतं. कोणीतरी पायरीखाली मुळी पुरलीय, म्हणाला. ओझेलाबाईंनी त्याला हाकललं, मात्र दुसऱ्या दिवशी पायरीखालची माती उकरून पाहिली. एक जुना चमचा सापडला. तो त्यांनी घासून वापरात घेतला.

चार्ल्स्टनच्या डॉक्टर कॉफील्ड म्हणजे चणीने लहान, आवाजाने मोठ्या बाई. त्यांनी आधी हातमोजे काढायला लावले, मग टोपी, मग ओझेलाबाईंचं तोंड खिडकीकडे वळवलं.

"हा डाग किती दिवस आहे?"

"लोकांना वाटतं मी रंग लावते."

"पुस्तकात ह्याचं चित्र असतं ते गोऱ्या गालांवरचं. लाल फुलपाखरू. तुमच्या-माझ्या कातडीवर ते जांभळट दिसतं, काळसर दिसतं, आणि ज्याने फक्त चित्र पाहिलेलं असतं त्याला ते दिसतच नाही." मग त्यांनी रक्त घेतलं, लघवी घेतली, आणि पुढच्या खेपेला सांगितलं, "ह्याला लुपस म्हणतात."

"कशाने होतो?"

"तुम्ही चर्चमध्ये काय करता म्हणालात?"

"दारावर असते. कोण आत येतो, कोण कुठे बसतो, ते बघते. दारुडा आला तर बाहेर काढते."

"अंगातसुद्धा अशीच माणसं ठेवलेली असतात. जंतू आला की दंडाला धरून बाहेर. लुपसमध्ये त्या माणसांचं डोकं फिरतं. घरचा कोण, उपरा कोण, तेच त्यांना कळेनासं होतं. मग ती गाणाऱ्यांना बाहेर काढतात, म्हाताऱ्यांना काढतात, चालू प्रवचनात पाळकाची गचांडी धरतात. आज सांध्यात, उद्या कातडीत, परवा किडनीत."

 ओझेलाबाईंना रोग झाल्याचं दुःख होतंच. पण शिस्त नसलेले सेवेकरी आपल्याच अंगात निघावेत, हे त्यांच्या जास्त जिव्हारी लागलं.

"असं त्यांचं डोकं का फिरतं?"

"एक कारण असतं तर मी एवढी पुस्तकं वाचली नसती. थोडं रक्तातून येतं. तुमच्या घरी कोणाला होतं?"

"माझी आई सूज येऊन गेली. मावशीपण. लोक म्हणायचे रक्तच वाईट."

"रक्तातून येतं, पण नुसतं रक्त पुरत नाही. बायकांच्या शरीरातल्या संप्रेरकांचा हात असतो. दहा रुग्णांत नऊ बायका. मग ऊन, एखादं दुखणं, एखादं औषध काडी लावतं. आपल्या काळ्या बायकांना तो जास्त होतो, लवकर होतो आणि किडनी धरतो. तुम्ही पाप केलंय म्हणून होत नाही, कोणाचा संसर्ग होत नाही, आणि पायरीखाली काही पुरल्याने तर मुळीच होत नाही."

"चमचा निघाला होता," ओझेलाबाई म्हणाल्या.

लुपस मुळासकट जात नाही, तो दाबून ठेवावा लागतो, हे त्यांना त्या दिवशी समजलं. मलेरियाची एक जुनी गोळी रोज, न चुकता, बरं वाटलं तरी, आणि तिच्यासाठी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यायचे. भडका उडाला तर थोडे दिवस स्टेरॉइड. उन्हात जायचं नाही, गेलंच तर अंगभर कपडे आणि मलम. मीठ कमी. डॉक्टरबाईंनी अल्फाल्फाचे मोडसुद्धा वर्ज्य सांगितले; बेटावर अल्फाल्फा फक्त घोडे खातात, त्यामुळे हे एक पथ्य ओझेलाबाईंना पहिल्या दिवसापासून जमलं. मिठाचं मात्र अवघड होतं. डुकराच्या खारवलेल्या तंगडीशिवाय बेटावरचा टोमॅटोतला लाल भात शिजवायचा म्हणजे नुसता तांबडा भात.

"आणि लघवीला फेस आला, पाय सुजले, तर त्याच दिवशी फोन करायचा," डॉक्टर कॉफील्ड म्हणाल्या. "किडनी दुखत नाही. गुपचूप जाते. आणि उगाच उभ्या राहू नका. बसत जा."

हे शेवटचं वाक्य ओझेलाबाईंनी कोणालाही सांगितलं नाही. आजारही सांगितला नाही. एकट्या भाचीला माहीत होतं. जेरिका अटलांटाला असते. रोज संध्याकाळी फोनवर तोंड दाखवते आणि मावशीचं बघते.

दीड वर्ष बरं गेलं. गोळीने बोटं वळू लागली, डाग फिका झाला. इतकं बरं वाटायला लागलं की ओझेलाबाईंनी गोळी एकाआड एक दिवस केली. बऱ्या झालेल्या माणसाने औषध खाणं त्यांना उधळपट्टी वाटे. वसंतात मंडळाच्या संचलनाची तालीम सुरू झाली. वार्षिक दिनाला आसपासच्या बेटांवरचे सेवेकरी येतात आणि सगळे मिळून ढोलाच्या ठेक्यावर चर्चला फेरी घालून आत येतात. तालीम अर्थात मोकळ्या मैदानात, भर दुपारी. ओझेलाबाई पुढे.

जूनमध्ये त्यांचे पाय बुटात जाईनात.

"मावशी, फोन खाली कर. पाय दाखव," जेरिका म्हणाली.

"माझं तोंड बघायला फोन केलास ना? मग तोंड बघ."

"पाय."

फोन खाली गेला. 

"आणि फेस?"

"असल्या गोष्टी जेवायच्या वेळी विचारू नयेत."

दुसऱ्या दिवशी जेरिकाने स्वतःच डॉक्टरांकडे फोन केला. लघवी तपासली, त्यात प्रथिनं भरभरून निघाली. डॉक्टर कॉफील्डनी लगेच दाखल व्हायला सांगितलं. किडनीचा बारीक तुकडा सुईने काढून बघायचा होता. ओझेलाबाईंनी वार्षिक दिनानंतरचा मंगळवार मागून घेतला.

"मावशी, किडनी काय वाट बघत बसते का?"

"मी ह्या जागेवर उभी राहिले तेव्हा तू दुधाच्या दातांची होतीस. मी कधी कोणाला माझ्यासाठी थांबायला लावलं नाही, आता एक आठवडा किडनीने थांबावं."

"आणि ती गेली तर? आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या मशीनला बांधून घेशील? आजीसारखी सुजून मरशील?"

"मशीनला बसतात ना?"

"हो."

"मग त्याच्याबद्दल मला बोलूच नकोस," ओझेलाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. एवढं बोलल्यावर मात्र त्यांनी दिवा लावून आईचा फोटो भिंतीवरून खाली काढला आणि बराच वेळ तिचे पाय बघितले. फोटोत आई कोणा पुरुषाचे मोठे बूट घालून उभी आहे; स्वतःचे तिच्या पायात जात नव्हते.

वार्षिक दिनाला ऊन असं होतं की डांबराला बूट चिकटत होते. संचलन झालं. पाहुण्या पाळकांचं प्रवचन सुरू झालं. विषय होता, 'उभे राहा.' आमचे रेव्हरंड प्रायलो पाहुण्यांच्या मागे बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. ऑर्गन वाक्यांच्या मध्ये मध्ये शिरायला लागला. चौथ्या की पाचव्या "उभे राहा"ला ओझेला रिव्हर्स मधल्या वाटेत आडव्या झाल्या.

त्यांची टोपी घरंगळत तिसऱ्या बाकापर्यंत गेली.

मंडळीने ती टोपी पाहिली आणि एकच गजर झाला. टोपी सांभाळली नव्हती! ज्या बाईने आयुष्यभर इतरांचे आत्मे तपासले, तिच्यावर आत्मा उतरला होता, आणि तिच्याच कसोटीला उतरून उतरला होता. बायका रडायला लागल्या. ऑर्गनवाल्याने दुप्पट लय धरली. पाहुण्या पाळकांना आपल्या वक्तृत्वाचा असा पुरावा फार दिवसांत मिळाला नव्हता. ते व्यासपीठ सोडून खाली आले आणि थेट त्यांच्या डोक्याशी उभं राहून ओरडायला लागले. आमच्याकडे चर्चमध्ये जमिनीवर पडलेल्या बाईसाठी कोणी रुग्णवाहिका बोलावत नाही. लोक तिचा हेवा करतात.

ओझेलाबाई शुद्धीवर होत्या. उठता येत नव्हतं, श्वास पुरत नव्हता, आणि बोलायचं नाही हा नियम त्यांना त्या अवस्थेतही आठवत होता. त्यांनी उजवी मूठ छातीवर ठेवली.

मंडळाचे उपप्रमुख क्लीव्हन मिडलटन यांनी ती खूण पाहिली. क्लीव्हन हा ओझेलाबाईंनी स्वतः तयार केलेला माणूस. खुणेला शंका विचारायची नाही, हे त्याच्या हाडीमांसी भिनलेलं. त्याने ताबडतोब एक सेवेकरी बदली पाठवला. तो आला, ओझेलाबाईंना ओलांडून त्यांच्या जागेवर उभा राहिला आणि डावा हात पाठीमागे घेतला.

शिस्तीच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती.

तोवर वाश्टीबाई पोचल्या होत्या. त्यांनी गुडघ्यांवर जांभळी चादर टाकली आणि पंखा हलवायला सुरुवात केली, पण फार जोर न लावता.

"आली का सिस्टर रिव्हर्सची पाळी," त्या पंख्याआडून म्हणाल्या. "पडून राहा, पडून राहा. बसायची मनाई आहे, झोपायची नाही."

तेव्हा ओझेलाबाईंनी एक गोष्ट केली. त्यांनी उजव्या हाताची बोटं तोंडात धरली आणि हातमोजा दातांनी ओढून काढला.

वाश्टीबाईंचा पंखा थांबला. खालची बोटं निळी होती आणि अंगठी सुजेत रुतली होती. पण वाश्टीबाईंना वैद्यकातलं काही कळत नव्हतं, आणि त्यांना घाबरवलं ते बोटांनी नाही. ही बाई देवाच्या घरात देवासाठीसुद्धा हातमोजा काढणार नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ओझेला?" वाश्टीबाई म्हणाल्या. बऱ्याच वर्षांत त्यांनी हे नाव घेतलं नव्हतं.

आणि ओझेला रिव्हर्स सेवेवर असताना बोलल्या.

"आत्मा नाहीये गं बाई. किडनी आहे."

"आमेन!" पाहुणे पाळक वरून ओरडले.

"आमेन!" मंडळी म्हणाली.

"मला लुपस आहे. हॉस्पिटलात न्या."

"सांग भगिनी, सांग! सगळं सांग!"

"ह्याला गप्प करा," ओझेलाबाई म्हणाल्या, पण ते फक्त वाश्टीबाईंना ऐकू आलं. वाश्टीबाई उठल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात पाचशे पोरांना रांगेत उभं करणारा आवाज त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. तो त्यांनी बाहेर काढला.

"बंद करा तो बाजा! क्लीव्हन, गाडी काढ! आणि तू रे, तिच्या डोक्यावर खांबासारखा काय उभा आहेस? पाय धर तिचे! रेव्हरंड, तुमच्या पाहुण्यांना बाजूला घ्या, नाहीतर मी घेते!"

बाजा बंद झाला. वाश्टीबाईंनी तिसऱ्या बाकापाशी जाऊन टोपी उचलली, आणि ओझेलाबाईंच्या डोक्यावरचे केस नसलेले चट्टे कोणी नीट बघायच्या आत ती घट्ट बसवली.

चर्चच्या गाडीतून चार्ल्स्टन गाठेपर्यंत वाश्टीबाईंनी त्यांचा मोजा काढलेला हात मांडीवर धरून ठेवला होता. "किती दिवस आहे हे?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं."

"आणि तोंडावर ते?"

"तेच."

"मी सगळ्यांना सांगितलं रंग लावतेस म्हणून."

"कळलं होतं मला."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला बसवलं असतं."

"लगेच," वाश्टीबाई म्हणाल्या. "त्याच रविवारी."

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात पांढरा झगा, पांढरे मोजे आणि पांढरी टोपी पाहून एका तरुण डॉक्टरने वाश्टीबाईंनाच विचारलं, "सिस्टर, पेशंटची माहिती?" वाश्टीबाईंनी पाठ ताठ केली. "लुपस," त्या म्हणाल्या. "किडनी. पाय सुजलेले. औषधं नीट घेत नाही. अत्यंत हट्टी." डॉक्टरने हे सगळं लिहून घेतलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

उरलेला उन्हाळा ओझेलाबाईंनी बहुतेक आडवा काढला. किडनीचा तुकडा काढून बघितला. भडका मोठा होता, पण राख झाली नव्हती. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं. मग तोंडाने स्टेरॉइड, जे हळूहळू कमी करायचं, एकदम थांबवायचं नाही. सोबत मायकोफेनोलेट नावाच्या गोळ्या, त्या अंगातल्या बेशिस्त सेवेकऱ्यांची संख्याच कमी करतात. त्यामुळे खरा दारुडा आला तर त्याला अडवायलाही माणसं कमी पडतात, म्हणून ताप आला की लगेच कळवायचं. रक्तदाबाची गोळी वेगळी. मलेरियाची गोळी आहेच, आणि आता रोज. स्टेरॉइडने तोंड चंद्रासारखं गोल झालं.

"छान भरलीस," वाश्टीबाई म्हणाल्या. त्या दर गुरुवारी भेंडीचं सूप घेऊन येत. बिनमिठाचं.

"ह्याला चव नाही."

"तुलाही नव्हती. तरी आम्ही इतकी वर्षं चालवून घेतलंच ना?"

मशीनची वेळ आली नाही. किडनी पूर्वीसारखी झाली नाही, पण चालते. डॉक्टर कॉफील्डनी हे सांगताना बोट रोखलं होतं. "ह्या वेळी वाचली. आता पुन्हा दोन तास उभ्या राहिलात असं मला कळलं, तर मी तुमच्या चर्चमध्ये येऊन पहिल्या बाकावर बसेन."

"तुम्हाला कुठे बसवायचं ते मी ठरवीन," ओझेलाबाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

ऑक्टोबरात मंडळाची बैठक झाली. ओझेलाबाई आल्या, उभ्या राहिल्या, आणि नियमाप्रमाणे आपण मानद झालो आहोत, असं त्यांनी सांगितलं. वाटेत आडवं होणं हे बसण्यातच धरावं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी दोन्ही हातमोजे टेबलावर ठेवले. क्लीव्हन मिडलटन रडायला लागला, पण नियम नियम आहे, असं रडता रडता म्हणाला.

वाश्टीबाई मंडळात नव्हत्या. त्या दारातून बोलल्या.

"नियम कोणी केला?"

"मी," ओझेलाबाई म्हणाल्या.

"कोणासाठी?"

 नियम कोणासाठी केला होता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आजवर तेवढं कोणी विचारलं नव्हतं.

"तुमच्यासाठी," ओझेलाबाई म्हणाल्या.

"मग मोडतानाही माझ्यासाठी मोड. तुझ्यासाठी मोडलास तर लोक हसतील."

ओझेलाबाईंनी टेबलावरचे हातमोजे जवळ ओढले. मग त्यांनी सूचना मांडली, की भगिनी वाश्टी लग्री यांना पूर्वीच्या तारखेपासून पुन्हा सेवेकरी म्हणून घ्यावं, आणि ज्यांना डॉक्टरांनी बसायला सांगितलं आहे त्यांना वाटेच्या तोंडाशी खुर्ची द्यावी. सूचना एकमताने मंजूर झाली. खुर्च्या दोन आणल्या. परिचारिका संघाचं अध्यक्षपद वाश्टीबाईंनी सोडलं नाही. हॉस्पिटलात सिस्टर म्हणून हाक मारली गेल्यापासून त्या तो झगा रविवारखेरीजही घालतात.

पुढच्या जूनमध्ये वार्षिक दिन आला. गेल्या वर्षीचा ठराव तसाच पडून होता, आणि काचेची चौकट आधीच करून ठेवलेली असल्याने त्यातला शब्दही बदलता येण्यासारखा नव्हता. संचलन सकाळी गारव्यात झालं. ओझेलाबाई सावलीतून बघत होत्या. मग आत रेव्हरंड प्रायलोंनी घसा साफ केला आणि ठराव वाचायला घेतला: ज्याअर्थी सेवेवर असताना सदर भगिनी कधीही बसलेल्या नाहीत, कधीही बोललेल्या नाहीत, व हसल्याचे कोणाच्या पाहण्यात नाही.

त्या वेळी ओझेला रिव्हर्स मधल्या वाटेच्या तोंडाशी खुर्चीत बसून, पाहुण्या पाळकांबद्दल वाश्टी लग्रींना काहीतरी सांगत होत्या आणि दोघी हसत होत्या.